विसार, खाडा आणि परतावा : गडहिंग्लजच्या वाटेवरील उताऱ्याच्या व्यवहाराचा इतिहास

प्रवाशाने रात्रीच्या आसऱ्यासाठी द्यावयाचे मोल, त्या मोलाच्या बदल्यात त्याने धरावयाची अपेक्षा, आणि अपेक्षाभंग झाल्यास पैसे परत मागण्याचा त्याचा अधिकार या तीन गोष्टींचा परस्परसंबंध इतिहासात कसा घडत गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटेल. राज्यांच्या उलथापालथी व जमीनमहसुलाच्या पद्धती यांच्या शेजारी लॉजच्या खोलीचे आठशे रुपये ही काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल. परंतु करार, दर्जा आणि विश्वास या तिन्हींचे रूपांतर जितके स्पष्टपणे या लहान व्यवहारात दिसते, तितके ते मोठ्या व्यवहारांत क्वचितच दिसते.

विवेचनासाठी गडहिंग्लज हे ठिकाण मध्यवर्ती धरले आहे. आंबोलीजवळ उगम पावून आजऱ्यावरून येणाऱ्या हिरण्यकेशीच्या काठचे हे तालुक्याचे गाव मिरची, गूळ व भुईमूग यांची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे. एका बाजूस संकेश्वर व बेळगावचा मुलूख, दुसऱ्या बाजूस आजरा, आंबोली व सावंतवाडीमार्गे कोकण, अशा वाटेवर ते वसले आहे. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. गडहिंग्लजला मात्र रेल्वे आली नाही. त्यामुळे येथे उतरणारा माणूस हा मुख्यतः रस्त्याचा प्रवासी राहिला : बाजारास आलेला व्यापारी, कचेरीच्या कामासाठी आलेला शेतकरी, काळभैरवाच्या यात्रेचा भाविक किंवा घाटाखाली जाणारा पांथस्थ. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत हे गाव संस्थानी मुलखात होते, तर शेजारचा बेळगाव जिल्हा ब्रिटिश अमलाखाली होता. एकाच दिवसाच्या प्रवासात वाटसरूची कायद्याची चौकट बदलत असे, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

१. मोलाविना आसरा

जुन्या काळी उताऱ्याची प्रमुख संस्था म्हणजे धर्मशाळा. अहल्याबाई होळकरांनी भरतखंडभर बांधलेल्या धर्मशाळा व घाट सर्वश्रुत आहेत; लहान गावांतून हेच कार्य देवळाच्या ओवऱ्या व चावड्या करीत. धर्मशाळेत मोल नव्हते, म्हणून परताव्याचा प्रश्नही नव्हता. छप्पर गळके निघाले, तरी पांथस्थास तक्रार करण्यास जागा नव्हती. कारण जे मिळाले ते दान होते, आणि दानाच्या गुणवत्तेवर घेणाऱ्याचा अधिकार पोहोचत नाही.

तीर्थक्षेत्री थोडी निराळी पद्धत होती. नाशिक-त्र्यंबकेश्वरास जाणारा यात्रेकरू आपल्या क्षेत्रोपाध्यायाच्या घरी उतरे. उपाध्यायाच्या वहीत यजमानाच्या कुळाची नामावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असे. दक्षिणा निघताना द्यावयाची. तिचा आकडा आगाऊ ठरत नसे. येथे अपेक्षेचे नियमन करारापेक्षा दीर्घ संबंधाने होई. यंदा हयगय झाली तर पुढच्या पिढीचा यजमान दुरावेल, ही धास्ती यात्रेकरूच्या बाजूने काम करी. मोल मागाहून देण्याच्या या पद्धतीत जोखीम घेणाऱ्याकडे नसून देणाऱ्याकडे होती. हा मुद्दा पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

परंतु या व्यवस्थेचे गुणगान करताना तिचे दार कोणासाठी उघडे होते, हा प्रश्न टाळता येणार नाही. दान देणारा ज्यास नको म्हणे, त्यास ओसरीही मिळत नसे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या प्रवाशास धर्मशाळेचे छप्पर नाकारणे हे त्या काळी कोणास अन्यायाचे वाटत नव्हते. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१९ च्या सप्टेंबरात आज्ञा काढून सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, पाणवठे व विहिरी या ठिकाणी विटाळ मानू नये असे फर्माविले आणि अंमलबजावणीची जबाबदारी गावकामगारांवर टाकली. मुंबई कायदेमंडळात बोले यांचा याच आशयाचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये संमत झाला. पुढे १९५० च्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने हॉटेले व सार्वजनिक उपाहारगृहे यांतील प्रवेशास भेदभावाची आडकाठी असू नये असे ठरविले, आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने असा अटकाव शिक्षेस पात्र केला. परताव्याच्या हक्काचा इतिहास लिहिताना प्रवेशाच्या हक्काची ही पायरी अगोदर मांडली पाहिजे. ज्यास दारातच उभे केले जात नाही, त्यास खोलीविषयी गाऱ्हाणे करण्याचा प्रसंगच येत नाही.

२. सराई, बंगला आणि दरपत्रक

एकोणिसाव्या शतकात राज्यसंस्था उताऱ्याच्या व्यवहारात कायद्याने शिरली. मात्र तिची दृष्टी ग्राहकाची नव्हती, पोलिसाची व आरोग्यखात्याची होती. १८६७ चा सराई कायदा याचे उत्तम उदाहरण होय. ज्या प्रांतांत तो लागू झाला तेथे सराईची नोंदणी, साफसफाई, पहारेकरी, साथीच्या रोग्याची वर्दी ही सराईवाल्याची कर्तव्ये ठरली. त्यांतच एक कलम असे होते, की मुक्कामाच्या दरांचा तक्ता जिल्हा मॅजिस्ट्रेट ठरवील त्या जागी व त्या भाषांत लावावा. कर्तव्यात कसूर झाल्यास वीस रुपयांपर्यंत दंड होता. दंड सरकारजमा होणार; प्रवाशास त्यातून काही मिळावयाचे नाही. तरीही भिंतीवर लावलेला दर ही अपेक्षेची पहिली लेखी मर्यादा होय.

सरकारी डाकबंगल्यांची रीत याहून वेगळी. तेथे दर निश्चित असे. पण बहुतेक बंगल्यांत प्रवाशाचा निर्वेध ताबा चोवीस तासांपुरताच मानला जाई. नंतर दुसरा उतारू आल्यास पहिल्याने जागा सोडावी, असा नियम होता. मोल दिल्याने निश्चित काळाचा हक्क मिळतो, आणि त्या काळापलीकडे मिळत नाही, ही कल्पना अशा नियमांतून रुजली.

३. खाणावळीचा खाडा

शहरांत नोकरी व शिक्षण यांसाठी गेलेल्या मराठी माणसाने स्वतःच्या संस्था उभारल्या. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी तेथेच झाले. गिरगावातल्या व गिरणगावातल्या खाणावळी, कोल्हापूर-पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या मेस यांचा व्यवहार मात्र महिन्याच्या हिशेबावर चाले.

या खाणावळींनी ‘खाडा’ धरण्याची एक लक्षणीय प्रथा रूढ केली. खाडा म्हणजे मूळ अर्थी मजुराचा कामावरचा गैरहजेरीचा दिवस. त्या दिवसाची मजुरी त्यास मिळत नसे. खाणावळीने हा शब्द उलटा फिरवला. जेवणारा ज्या वेळी येणार नाही तो त्याचा खाडा, आणि त्याचे पैसे महिन्याच्या आकारातून वजा. अट एकच, पूर्वसूचनेची. आगाऊ सांगून केलेला खाडा धरला जाई. न सांगता केलेला धरला जात नसे, कारण तोवर भाजी चिरलेली व तांदूळ शिजलेला असे. कोणत्याही कायदेपंडिताच्या साहाय्यावाचून या प्रथेने परताव्याचे मूलतत्त्व गाठले होते : सूचनेमुळे मालकाचा खर्च जितका वाचतो, तितकेच परत मागता येते. आजच्या रद्दीकरणाच्या गुंतागुंतीच्या अटींतही न्याय्य असे जे काही असते, ते याहून फारसे वेगळे नसते.

४. विसाराचे स्वरूप

खोली आगाऊ राखून ठेवावयाची तर पैसे आगाऊ द्यावे लागतात. हे पैसे विसार की मोलाचा भाग, या भेदावर पुष्कळसा वाद उभा आहे. विसार हा शब्द पाळण्याची हमी असतो; शब्द मोडणाऱ्याने तो गमवावा, ही बाजाराची जुनी रीत आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने मात्र दंडाच्या कलमांना लगाम घातला. कलम ७४ प्रमाणे करारात कितीही रक्कम लिहिली असली, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या निर्णयात आणि मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार या १९६९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व जप्त केलेल्या अनामतींनाही लावले. कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान टाळण्याचे उपाय हाती होते किंवा कसे, हेही पाहावयाचे असते. म्हणजे प्रवाशाने सोडलेली खोली त्याच रात्री दुसऱ्यास दिली गेली असेल, तर सबंध रक्कम ठेवून घेण्यास आधार उरत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रिकामी गेलेली रात्र मालकास उद्या विकता येत नाही. दहा खोल्यांच्या लॉजला अशा चार रात्रींचा फटका मोठा बसतो.

दोघांपैकी कोणाचाही दोष नसताना करार मोडला तर काय, या प्रश्नाचे प्रसिद्ध उदाहरण लंडनचे आहे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची मिरवणूक पाहण्यासाठी १९०२ च्या जूनमध्ये पॉल मॉल रस्त्यावरच्या खोल्या दोन दिवसांकरिता ७५ पौंडांना घेतल्या गेल्या. २५ पौंड आगाऊ दिले होते. राजा आजारी पडला व मिरवणूक लांबली. १९०३ च्या क्रेल विरुद्ध हेन्री या निर्णयाने उरलेले ५० पौंड देण्यातून भाडेकरू सुटला. परंतु आगाऊ दिलेले पैसे गेले ते गेले, हा नियम तेथील न्यायालयांनी १९०४ साली दृढ केला, आणि तो बदलण्यास १९४२ चा फायब्रोसा खटला व १९४३ चा कायदा यावा लागला. आपल्याकडे १८७२ च्या कलम ६५ मध्येच करार शून्य झाल्यास मिळालेला लाभ परत करावा, असे स्पष्ट लिहिलेले होते. या एका बाबतीत हिंदुस्थानचा लिखित कायदा इंग्लंडच्या सत्तर वर्षे पुढे होता, असे म्हणण्यास हरकत नाही. अशक्यतेचा अर्थ केवळ भौतिक अशक्यता असा घेऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली सत्यब्रत घोष खटल्यात सांगितले.

हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यास परका नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद पडला; २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच घडले. पुण्याहून निघालेला प्रवासी गडहिंग्लजला पोहोचू शकला नाही, पण तेथील लॉज उघडे आहे व खोली कोरडी आहे, अशी कल्पना करावी. येथे करार आपोआप शून्य होतो असे म्हणता येत नाही. कराराचा पाया काय होता हे पाहावे लागते. लॉजच पाण्यात असेल, तर मात्र कलम ६५ चा आधार निर्विवाद आहे. दोन्ही प्रसंगी प्रवाशाचे दुःख एकच. कायद्याचे उत्तर भिन्न.

५. पाहून घेणे आणि न पाहता घेणे

१९४४ व १९४७ च्या मुंबई कायद्यांनी घरभाड्याबरोबरच हॉटेल व लॉजिंगच्या दरांवरही नियंत्रण आणले व वाजवी दर ठरविण्याचा अधिकार नियंत्रकास दिला. युद्धकालीन टंचाईचे ते अपत्य होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या शीर्षकातून हॉटेल हा शब्दच नाहीसा झाला. दर बाजारावर सोडला गेला. आणि याच सुमारास ग्राहक ही नवी कायदेशीर व्यक्ती १९८६ च्या कायद्याने अवतरली होती.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्यानंतर तालुक्यातालुक्यांत बसस्थानकाजवळ लॉज उभे राहिले. त्यांचा शिरस्ता ठरलेला : आधी खोली पाहा, नळ सोडून पाहा, मग वहीत नाव लिहा व पैसे द्या. हा केवळ शिष्टाचार नव्हे. करार कायद्याच्या कलम १९ च्या अपवादानुसार, साधारण तत्परतेने सत्य कळण्यासारखे असता चुकीच्या कथनाचे कारण पुढे करून करार रद्द करता येत नाही. ज्याने खोली पाहिली, त्याने तिचा पोपडाही स्वीकारला.

मोबाइलवरून खोली राखून ठेवण्याच्या आजच्या पद्धतीने हा क्रम उलटला आहे. दाम आधी, दर्शन मागून. पाहण्याचे साधनच नसल्यामुळे वरील अपवाद येथे लंगडा पडतो, आणि छायाचित्र व वर्णन हेच कराराचे अंग बनते. ‘चोवीस तास गरम पाणी’ असे लिहिले असेल, तर सकाळी सहा ते आठ मिळणारी बादली ही सेवेतील त्रुटी ठरते. तेच पाणी सहा ते आठ मिळेल असे लिहिले असते, तर तक्रारीस जागा नव्हती. स्वस्त खोलीकडून कमी अपेक्षा धरणे रास्त आहे. परंतु ती कमी अपेक्षाही मालकाने आपल्या शब्दांनीच आखून दिली पाहिजे.

२० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने नुकसानीशी विषम असा दंड लादणाऱ्या अटीस अनुचित करार म्हटले. सदोष सेवेचे पैसे पावतीतील मुदतीत, अथवा मुदत नसल्यास तीस दिवसांत परत न करणे, ही त्याने अनुचित प्रथा ठरविली. त्याच महिन्यातील ई-वाणिज्य नियमांनी असेही ठरविले, की विक्रेती संस्था स्वतः एकतर्फी रद्द करताना जो आकार सोसत नाही, तो तिने ग्राहकाकडून घेऊ नये. पूर्वी तक्रार प्रतिपक्षाच्या अथवा घटनेच्या ठिकाणी करावी लागे. आता तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यातही ती करू शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नाही. मात्र कराराची अटच अनुचित आहे असे म्हणावयाचे असल्यास जिल्हा आयोग पुरत नाही. राज्य आयोगाकडे जावे लागते. आठशे रुपयांसाठी इतकी वाट चालणारे विरळा. हक्काचा विस्तार आणि त्याचा वापर यांतील हे अंतर भावी संशोधकांनी जिल्हा आयोगांच्या दप्तरांतून मोजण्यासारखे आहे.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते, की परताव्याचा हक्क हा एकसारखा वाढत गेलेला हक्क नाही. मोल मागाहून देण्याच्या काळी त्याची गरज नव्हती. पाहून देण्याच्या काळी ती अल्प होती. न पाहता देण्याच्या काळी ती अनिवार्य झाली. जोखीम जसजशी मालकाकडून प्रवाशाकडे सरकली, तसतसा कायदा तिच्यामागून आला, आणि बहुधा उशिरा आला. खाणावळीच्या वहीतला खाडा मात्र कायद्याची वाट पाहत बसला नव्हता. वेळेवर सांगावे, वाचले तेवढे परत करावे, शिजले तेवढ्याचे मोल घ्यावे, हा त्याचा न्याय दोन्ही पक्षांस समजत होता व मान्य होता. नव्या अटी लिहिणारांनी निदान तितका सुबोधपणा पाळावा, एवढी अपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकास करता येईल.