चालीत दिसणारी अहिंसा

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, ज्याची बुद्धी स्थिर झाली तो माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? सद्‌गुण अंगावर उमटला की कसा दिसतो, हे त्याला हवं आहे. हा प्रश्न मराठीत रुजला तो शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशात. ज्ञानदेव ज्ञानेश्वरी सांगत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ज्ञानदेव ज्याला टेकून बसले असं मानतात, तो पैस खांब तिथे आजही आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘पैस’ या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला.

तेराव्या अध्यायात गीता ज्ञानाची वीस लक्षणं भराभर मोजते. त्यातलं एक अहिंसा. शंकराचार्यांच्या भाष्यात त्याचा अर्थ एवढाच: प्राण्यांना पीडा न देणं. ज्ञानदेव मात्र इथे शंभराहून अधिक ओव्या थांबतात. आधी यज्ञातली हिंसा, मग औषधासाठी मुळासकट उपटलेली, साल सोललेली झाडं. त्यानंतर तो अहिंसक माणूस चालू लागतो. लाट मोडू नये म्हणून बगळा पाण्यात जपून पाय टाकतो, केसर चुरगळेल म्हणून भुंगा कमळावर हलके उतरतो, तसं त्याचं पाऊल. बोलताना माया आधी पोचते, शब्द मागून. हाताने तो फुलांची माळही झेलत नाही, तिची गोफण व्हायची! लव दुखावेल म्हणून स्वतःचं अंगही कुरवाळत नाही. इतकं लांबल्याबद्दल ज्ञानदेव श्रोत्यांची मनधरणीही करतात.

मला या ओव्या नीतिविचारातल्या फार मोठ्या वाटतात. पाऊल टेकण्याआधीच त्या माणसाला जमिनीतला जीव जाणवलेला असतो. नियम आठवायची वेळच येत नाही.

हेच युरोपात माक्स शेलर या जर्मन तत्त्वज्ञाने विसाव्या शतकात मांडलं. अनुभव जसा येतो तसाच आधी न्याहाळायचा, ही तत्त्वज्ञ हुसेर्लची रीत त्याने नीतीला लावली. मूल्य आधी भावनेत प्रतीत होतं, तर्क मागाहून येतो, असं तो म्हणतो. सद्‌गुणांना त्यांचा मान परत मिळवून देणारा त्याचा १९१३ सालचा निबंध नम्रतेपासून सुरू होतो. गीतेची यादीही अमानित्वापासूनच, म्हणजे मोठेपणा न मिरवण्यापासूनच. ज्ञानदेवांचा अमानी बृहस्पतीइतका जाणता असूनही मोठेपणाच्या भीतीने वेडेपणात दडतो.

मराठीत पुढे लक्षणं सांगायची ही चाल समर्थ रामदासांच्या दासबोधाच्या दुसऱ्या दशकात येते: मूर्खलक्षण, उत्तमलक्षण, पढतमूर्ख. समर्थांची वाक्यं आखूड, ठाशीव, शिकणाऱ्याला पाठ होणारी. काय करावं, काय टाळावं हे तिथे चोख कळतं. पण तो माणूस रस्त्याने येताना दिसावा, तर परत तेराव्या अध्यायातच जावं लागतं.