ताजमहाल पॅलेस हॉटेल, मुंबई : अंतर्गत सजावट

जमशेटजी टाटा यांनी उभारलेले, मुंबईतील अपोलो बंदरावरील हॉटेल. १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांचा, वैद्यांच्या निधनानंतर काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरे केले. वैद्यांचे नाव मराठी वाचकाला आज फारसे ठाऊक नाही, ही खंतावण्यासारखी गोष्ट आहे.

या वास्तूचा खरा थाट मधल्या जिन्यात आहे. पायऱ्या भिंतींच्या कडेकडेने चढत जातात, मधली पोकळी थेट घुमटापर्यंत मोकळी राहते. तिथे उभे राहिले की आधी उजेड जाणवतो, मग लोखंडी कठड्याची नक्षी दिसते. पैशाचे प्रदर्शन न करता वैभव कसे जाणवते, ते इथे कळते.

पुढे सजावटकार एलिझाबेथ केरकर यांनी जुने फर्निचर, भारतीय वस्त्रे आणि चित्रे यांची निवड करून सजावटीला घरंदाज वळण दिले. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जुन्या इमारतीची मोठी हानी झाली. कारागिरांनी ती जपून दुरुस्त केली आणि १५ ऑगस्ट २०१० रोजी हा भाग पुन्हा उघडला.