खोडलेल्या रेषा

गोंदियात बीएस्सीला असताना प्रॅक्टिकलमध्ये मला हायड्रोजनची नळी मिळाली. व्होल्टेज दिलं की गुलाबी पेटायची. वहीत तीन रेषा हव्या होत्या: लाल 656, निळसर-हिरवी 486, जांभळी 434 नॅनोमीटर. मला मात्र मधे बारीक रेषांची गर्दीच दिसली. सर म्हणाले, "नळी खराब आहे, खोड त्या." खोडल्या.

ही खोडाखोड जुनीच, बरं का. 19व्या शतकात आंगस्ट्रॉमसारखा दिग्गजही या रेषा हायड्रोजनच्या मानेना. म्हणे, ॲसिटिलीनची भेसळ! भेसळ नव्हतीच. नळीतला हायड्रोजन जोडीनं राहतो, दोन अणूंचा एक रेणू. त्यावर इलेक्ट्रॉन आदळला की कधी जोडी फुटते, आणि सुटा अणू त्या तीन रेषा देतो. कधी जोडी टिकते, पण खवळते. थरथरत, गिरक्या घेत शांत होताना निघतात त्या माझ्या बारीक रेषा. कधी रेणूतला इलेक्ट्रॉनच उडतो. मग उरलेला आयन शेजारच्या रेणूचा एक अणू ओढून तिघांचा होतो. हा तिघांचा आयन जे. जे. थॉमसन यांना 1911 मध्ये सापडला. त्याला पुन्हा इलेक्ट्रॉन भेटला की तोही फुटतो.

वही अजून घरी आहे. खोडरबराखालून पुसट दिसतात. परवा मोजल्या, सतरा.