नैसर्गिक वायू जातो कुठे? चुलीपेक्षा युरियात जास्त

घरातल्या लाल सिलिंडरमध्ये असतो एलपीजी, म्हणजे प्रोपेन-ब्युटेन. नैसर्गिक वायू वेगळा; तो मुख्यतः मिथेन. शहरात पाइपने स्वयंपाकघरात येणारा पीएनजी आणि गाडीत भरतात तो सीएनजी, हे दोन्ही नैसर्गिक वायूच.

गावात पाइपलाइन नसली तरी हा वायू युरियाच्या गोणीतून शिवारात पोचतो. युरियाला लागणारा अमोनिया देशात मुख्यतः याच वायूपासून बनतो. अलिबागजवळचा थळचा खत कारखानाही त्यावरच चालतो. देशात सर्वात जास्त वायू खत कारखान्यांनाच लागतो, साधारण ३० टक्के. त्याखालोखाल पीएनजी-सीएनजी, त्यांचा वाटा वाढतोय. मग वीज, रिफायनरी व इतर उद्योग.

गरजेचा जवळपास निम्मा वायू परदेशातून येतो. जहाजाने येणाऱ्या या वायूचा मोठा पुरवठादार कतार. देशी वायूत घरगुती पीएनजी आणि सीएनजीला प्राधान्य, त्यामुळे खत कारखान्यांची भिस्त आयातीवर. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे वायू भडकला. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांनाच मिळत राहिली, पण २०२२-२३ मध्ये खतांचं एकूण अनुदान अडीच लाख कोटींवर गेलं. भाव स्थिर दिसला तरी फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे जनतेच्याच पैशातून भरला जातो. म्हणून माती परीक्षण करून शिफारशीएवढाच युरिया टाकलेला बरा.