हक्क, कंत्राट आणि देखरेख : भारतातील 108 रुग्णवाहिका सेवेच्या सार्वजनिक अर्थसाहाय्याचा इतिहास

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे. परंतु अपघातस्थळापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचे अंतर नेमके कोणाच्या जबाबदारीत येते, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरची अनेक दशके फारसा कोणी विचारलाच नाही. डोंगरी वाड्यावस्त्यांवरील रुग्ण झोळीतून किंवा खाटेवरून मोटाररस्त्यापर्यंत येई, शहरातला जखमी रिक्षातून वा पोलिसांच्या गाडीतून. सरकारी रुग्णालयाच्या दारात गाडी उभी असे, पण ती त्या रुग्णालयाची असे. रस्त्यावरच्या माणसाला तिला बोलावण्याचा मार्ग नव्हता. दिल्लीत 1991 मध्ये कार्यान्वित झालेली केंद्रीकृत अपघात सेवा हा शासकीय पातळीवरील महत्त्वाचा अपवाद होय. ही पोकळी ज्या क्रमाने भरली गेली, तो क्रमच पुढील अनेक दोषांचे मूळ ठरला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आधी न्यायालयाने हक्क सांगितला, मग खासगी पुढाकारातून सेवा उभी राहिली, तिचा खर्च तिजोरीवर आला आणि देखरेखीची व्यवस्था या सर्वांच्या मागे राहिली.

न्यायालयाने सांगितलेले कर्तव्य

1989 मधील परमानंद कटारा खटल्याच्या मुळाशी एक वृत्तपत्रीय बातमी होती. भरधाव मोटारीने धडक दिलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही. पोलिसी कार्यवाहीची प्रकरणे हाताळण्याचा अधिकार असलेल्या, सुमारे वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पाठविले. वाटेतच त्याचा मृत्यू झाला. जखमीचा जीव वाचविण्याच्या आड कोणतीही कायदेशीर औपचारिकता येऊ शकत नाही आणि हे बंधन सरकारी व खासगी अशा सर्वच डॉक्टरांवर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले.

1996 चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा निकाल याहून मूलगामी आहे. 8 जुलै 1992 रोजी रेल्वेगाडीतून पडून डोक्याला गंभीर दुखापत झालेल्या एका श्रमिकाला कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले. कोठे खाट नव्हती, कोठे उपचाराची सोय नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात स्वखर्चाने उपचार झाले. वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदाचा भंग होय, असे ठरवून न्यायालयाने 25,000 रुपयांची भरपाई दिली. अभ्यासकांचे लक्ष या भरपाईकडे अधिक गेले. निकालातील दोन बाबी मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिल्या. आर्थिक साधनांच्या अभावाची सबब सांगून राज्याला हे कर्तव्य टाळता येणार नाही, ही पहिली. साधनसामग्री व वैद्यकीय कर्मचारी असलेल्या रुग्णवाहिका आणि कोठे खाट रिकामी आहे हे तात्काळ कळविणारी केंद्रीय संपर्कव्यवस्था असली पाहिजे, ही दुसरी. सेवेचा आराखडा म्हणून पाहता त्यात फारसे काही राहिलेले नव्हते. राहिला होता तो पैसा, आणि तो पुढची नऊ वर्षे तरी या कामी पुरेसा आला नाही.

सामंजस्य कराराने आलेली सेवा

15 ऑगस्ट 2005 रोजी हैदराबादमध्ये 108 क्रमांकाची सेवा सुरू झाली. तिचे प्रवर्तक सत्यम या संगणक कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू होते. आंध्र प्रदेश शासनाशी झालेला करार सामंजस्य कराराच्या स्वरूपाचा होता, स्पर्धात्मक निविदेचा नव्हता. प्रारंभीच्या प्रयोगासाठी हे समजण्याजोगे आहे. ज्या सेवेचा देशात नमुनाच नाही तिची निविदा कशी काढणार? परंतु काही वर्षांतच चालू खर्चाचा सुमारे 95 टक्के भाग राज्य शासन उचलू लागले. इतरही अनेक राज्यांनी तोच नमुना स्वीकारला. 2005 मध्येच सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून या सेवांना केंद्राचा निधी मिळू लागला. चालू खर्चातील केंद्राचा वाटा पहिल्या वर्षी 60, दुसऱ्या वर्षी 40 आणि त्यानंतर 20 टक्के असा उतरता ठेवण्यात आला. म्हणजे सेवा रुजेपर्यंत केंद्राचा आधार आणि लोकांना तिची सवय झाल्यावर भार राज्यावर. एकदा दारात आलेली गाडी कोणत्याही राज्य सरकारला बंद करता येणार नव्हती.

7 जानेवारी 2009 रोजी राजू यांनी सत्यमच्या हिशेबातील गैरव्यवहाराची कबुली दिली. संस्थापक तुरुंगात गेले, पण रुग्णवाहिका धावत राहिल्या आणि त्याच वर्षी व्यवस्थापन जीव्हीके समूहाकडे गेले. ही सेवा कोणाच्या पैशावर उभी आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नसेल. तरीही त्या प्रसंगाने 'खर्च शासनाचा असेल तर नियंत्रण कोणाचे' हा प्रश्न धसास लागला नाही.

मोजणी कोणाच्या हाती

देखरेखीची अडचण मोजणीपासून सुरू होते. किती दूरध्वनी आले, गाडी किती मिनिटांत पोहोचली, किती रुग्ण वाचले, ही सर्व माहिती नियंत्रण कक्षात तयार होते आणि नियंत्रण कक्ष सेवा चालविणाऱ्या संस्थेकडेच असे. प्रतिसादाचा काळ दूरध्वनी उचलल्यापासून मोजायचा की गाडी सुटल्यापासून, यावर सरासरी बदलते. मोबदला दरमहा प्रति गाडी असेल तर गाडी उभी राहिली तरी पैसे मिळतात. तो प्रति रुग्ण असेल तर सोप्या फेऱ्यांना बरकत येते. अनेक राज्यांत 108 च्या कामाचा मोठा हिस्सा प्रसूतीसाठीच्या वाहतुकीचा राहिला. यात गैर काही नाही. विधी आयोगाने 2006 च्या आपल्या 201 व्या अहवालात अपघातग्रस्तांबरोबर प्रसूतिवेदना सुरू झालेल्या स्त्रियांचाही समावेश केला होता. पण आधी ठरविता येणारी फेरी आणि हृदयविकाराचा झटका यांची एकाच रकान्यात बेरीज झाली की आकडा फुगतो आणि सेवा देणारा व घेणारा शासनविभाग दोघेही समाधानी राहतात. लेखापरीक्षकाला खर्चाची पावती तपासता येते. न पोहोचलेल्या गाडीची पावती नसते.

या अहवालासोबत आयोगाने आदर्श कायद्याचा मसुदाही दिला होता. गुजरातने 2007 मध्ये आपत्कालीन वैद्यकीय सेवांसाठी स्वतंत्र कायदा केला. अन्यत्र बहुतेक ठिकाणी कराराची कलमे हाच कायदा राहिला. 2010 च्या केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायद्याने रुग्णालयांवर तातडीच्या रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याचे बंधन घातले, पण तो महाराष्ट्राने स्वीकारला नाही. वाहनाच्या बांधणीचे राष्ट्रीय मानक 2016 मध्ये आले. गाडीत बसणाऱ्या तंत्रज्ञाच्या व्यवसायाला सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात स्थान मिळण्यास 2021 उजाडले.

महाराष्ट्रात ही सेवा 2014 मध्ये सुरू झाली : 937 रुग्णवाहिका, त्यांपैकी 233 प्रगत आणि 704 मूलभूत जीवरक्षक प्रणालीच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर ठेवण्याची अट हे तिचे वैशिष्ट्य होय. अन्य राज्यांनी प्रशिक्षित तंत्रज्ञांवर भर दिला असता ही निवड खर्चिक, पण ग्रामीण भागातील डॉक्टरांची टंचाई पाहता विचार करण्याजोगी होती. तिचे मूल्यमापन सार्वजनिक चर्चेत क्वचितच आले. 2024 मध्ये नव्या कंत्राटाच्या वेळी जो वाद झाला, तो मुख्यतः रकमेभोवती फिरला.

खासगी रुग्णवाहिका तर या चौकटीच्याही बाहेर राहिल्या. 2020 च्या कोविड साथीत त्यांच्या मनमानी आकारणीच्या तक्रारी वाढल्यावर महाराष्ट्र शासनाने त्या अधिग्रहित करून दर ठरविण्याचे धोरण घेतले. सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना वाजवी दर निश्चित करण्यास सांगितले. त्याच वर्षी मुंबई महापालिकेने आपल्या 24 विभागांत खाटावाटपासाठी नियंत्रण कक्ष उघडले. कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे एका ठिकाणी कळण्याची सोय, जी न्यायालयाने 1996 मध्ये सांगितली होती, ती त्या महानगरात प्रथमच मोठ्या प्रमाणावर उभी राहिली, आणि ती पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी चालविली.