प्राण वांचल्यानंतर

स्तनाच्या कर्करोगावर अमेरिकन शस्त्रवैद्य हॉल्स्टेड यांनीं १८८२ मध्यें स्तनाबरोबर छातीचे स्नायूहि काढण्यास आरंभ केला. रोग त्याच जागीं उलटण्याचें प्रमाण घटलें. परंतु त्या स्त्रीच्या छातीवर राहिलेल्या वैगुण्याचें काय?

हायडेलबर्ग येथील चेर्नी यांनीं १८९५ मध्यें, साध्या विकारासाठीं पोकळ कराव्या लागलेल्या एका स्तनांत, त्याच स्त्रीच्या कमरेजवळील चरबीची गांठ बसविली. इटलीच्या तान्सिनी यांनीं १९०६ मध्यें पाठीचा स्नायु त्वचेसह, रक्तपुरवठा न तोडतां, छातीवर वळविला. हॉल्स्टेड यांस मात्र अशी भर घालणें मान्य नव्हतें. त्यांचा अधिकार मोठा. तान्सिनींची युक्ति विस्मृतींत गेली.

१९६२ मध्यें ह्यूस्टन येथें सिलिकोनचें पहिलें रोपण झालें. १९७० नंतर तान्सिनींचा मार्ग पुन्हां सांपडला, आणि १९८२ मध्यें हार्टरांफ यांनीं पोटावरील त्वचा व चरबी उपयोगांत आणली.

आज रोपण, स्वतःच्याच शरीराचा भाग, वस्त्राखालीं बसविण्याचा कृत्रिम स्तन, किंवा यांपैकीं कांहींच नको, असे चार मार्ग आहेत. शस्त्रवैद्यानें ते समजावून द्यावे; निवड त्या स्त्रीनें करावी. हें साधें तत्त्व रुजण्यास मात्र जवळजवळ शतक लागलें.