कण्यांचं गोत

1352 साली मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सहारा ओलांडून मालीच्या राज्यात शिरला. वाटेतल्या गावांत बायका काय काय विकायला आणतात, हे त्यानं नोंदवून ठेवलं आहे. त्यात फोनिओ नावाचं मोहरीएवढं बारीक धान्य आहे आणि त्याचा कुसकुस करतात, लापशीही करतात, असं तो सांगतो. त्याआधी दहाएक वर्षं, 1342 च्या सुमारास, हाच माणूस दौलताबाद, नंदुरबार करत खंबायतेकडे गेला होता. हिंदुस्थानातल्या धान्यांची यादीही त्याच्या प्रवासवृत्तात आहे. त्यात ‘शामाख’ येतं. म्हणजे आपला सावा, भगरीचा सख्खा भाऊ. तो बारीक असतो, पेरल्याशिवाय उगवतो, साधुसंत तो गोळा करून खातात आणि म्हशीच्या दुधात शिजवला की फार चांगला लागतो, असं त्याचं वर्णन. स्वतः तो हिंदुस्थानात हे आवडीनं खात असे.

एकाच माणसाच्या या दोन नोंदी शेजारी ठेवल्या, की वाशीमच्या माझ्या स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या कण्यांची कुळकथा उलगडायला लागते.

आज कुसकुस म्हटलं की गव्हाचा रवा. पाकिटातून येतो, गरम पाणी ओतलं की पाच मिनिटांत फुलतो, त्यात काकडी-गाजर चिरून घातलं की वसंतातलं थंड सॅलड तयार. 2020 साली अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांच्या कुसकुसाला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

वाद आहे तो मुळाचा. एक पक्ष म्हणतो, कुसकुस अस्सल बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांचा आहे. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या बर्बर राजा मासिनिसाच्या काळातल्या थडग्यांत सापडलेली छिद्रांची भांडी या पक्षाचे लोक पुरावा म्हणून दाखवतात. दुसरा पक्ष विचारतो, छिद्रांचं भांडं म्हणजे कुसकुसच कशावरून? चीज गाळायलाही छिद्रं लागतात. लेखी पुरावा पाहिला तर कुसकुस ठळकपणे दिसतो तो तेराव्या शतकातल्या अंदलुस (मुस्लीम स्पेन) आणि मगरीब (वायव्य आफ्रिका) इथल्या पाकग्रंथांत. तिसरा पक्ष थोड्या लोकांचा आहे आणि मी त्या पक्षात आहे. आमचं म्हणणं असं, की ही कला सहाराच्या दक्षिणेकडून, ज्वारी-बाजरीच्या मुलखातून वर गेली आणि गहू तिला नंतर भेटला.

मला हे पटतं ते चुलीपाशी उभं राहिल्यावर. गव्हाला चिकटपणा आहे. त्याची पोळी लाटता येते, पाव फुगतो, शेवया ओढता येतात. ज्याच्याकडे गहू आहे, त्यानं पीठ ओलं करून, तळहातानं चोळून, त्याचे बारीक दाणे वळून पुन्हा तीन-तीनदा वाफवण्याचा खटाटोप कशाला करावा? ज्वारी-बाजरीचं तसं नाही. तिच्या पिठाला ओढ नाही. एक तर गरम पाण्यात मळून भाकरी थापा, नाही तर कणी करून वाफेवर किंवा पाण्यात शिजवा. तिसरी वाट फारशी नाही. माली, सेनेगल या पट्ट्यात आजही बाजरीचा आणि ज्वारीचा कुसकुस घरोघरी होतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. कुसकुस वळलेला असतो, कण्या भरडलेल्या असतात. एकात पिठाचा दाणा केला जातो, दुसऱ्यात दाण्याचे तुकडे. मग कुसकुसाची खरी भावंडं म्हणजे आपले गव्हले, नखुले, मालत्या. लग्नाच्या रुखवतात मांडायला बायका चिमटीत रव्याची कणीक घेऊन तांदळाएवढे गव्हले वळतात, ते पाहिलं की हा आक्षेप खोडून काढणं अवघड वाटतं. तरी इब्न बतूताची नोंद माझ्या बाजूनं आहे. फोनिओ मुळातच मोहरीएवढा. त्याला वळायची गरज काय? कांडला, वाफवला की झाला. चौदाव्या शतकातल्या मालीत अशा धान्याच्या पदार्थालाही इब्न बतूता कुसकुसच म्हणतो. तेव्हा माझ्या मते आधी बारीक धान्य आणि भरड कणी आली. ज्यांच्याकडे पीठच होतं, त्यांनी पुढे त्याच आकाराचे दाणे वळून घेतले.

ज्वारीपुरतं तर नातं थेट रक्ताचं आहे. ज्वारी आफ्रिकेतली. पूर्व सुदानात बुटाना भागातल्या मडक्यांच्या खापरांत तिच्या टरफलांचे ठसे सापडले, ते इसवीसनापूर्वी चौथ्या सहस्रकातले. तिथून ती समुद्रमार्गे आपल्याकडे आली आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीत अशी रुजली, की परकी म्हणून तिच्याकडे बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. संस्कृतात तिला यवनाल म्हणत. यव म्हणजे जव, नाल म्हणजे पोकळ दांडा, अशी फोड सहसा करतात. ‘यवन’ म्हणजे परदेशी, अशी फोड करायचा मोह मलाही होतो. पण यव ओळखीचं धान्य होतं आणि नव्याला जुन्याचं नाव देण्याची आपली रीतच आहे, म्हणून पहिलीच फोड खरी धरतो.

इब्न बतूतानं मराठ्यांचं जेवण म्हणून भात, भाज्या आणि तिळाचं तेल एवढंच लिहिलं. ज्वारीचं नाव नाही. तो मोठ्यांच्या पंक्तीतला पाहुणा. शिवारातली भाकरी त्याच्या ताटात आलीच नसणार.

कण्या करायच्या त्या अशा. ज्वारीला पाण्याचा हात लावून घटकाभर ठेवायची, म्हणजे कोंडा सुटतो. मग जात्यावर भरडायची, सुपात पाखडायची आणि चाळून पीठ वेगळं करायचं. चाळणीत उरते ती कणी. एरवी ती पाण्यात शिजवून ताकासोबत खातात. सॅलडसाठी मात्र ती दोन तास भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात सैल बांधून वाफेवर ठेवायची. वीस मिनिटांनी कोपरात, म्हणजे परातीत काढून थंड पाण्याचा हबका मारायचा, तेलाचा हात लावून बोटांनी मोकळी करायची आणि पुन्हा वाफवायची. हे दोनदा वाफवणं कुसकुसाकडून उसनं घेतलं आहे आणि तेच महत्त्वाचं आहे. एकदाच वाफवलेली कणी बाहेरून चिकट होते आणि आत कचकचते.

वसंत पंचमीनंतर वाशीमच्या बाजारात हरभऱ्याचे सोले असतात, कांद्याची पात असते, गाजरं शेवटची असतात; चैत्र लागला की कैरी येते. सोले कच्चेच घालावेत. गाजर किसू नये, बारीक चिरावं; किसलं की पाणी सुटून कणी गच्च होते. वर पात, काकडी, भरपूर सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि लिंबू किंवा कैरीचा कीस. ऑलिव्ह तेलाची गरज नाही; करडईचं कच्चं तेल हवं आणि शेवटी चमचाभर जवसाची चटणी. टोमॅटोला आमच्याकडे भेदरं म्हणतात. तो आंबट रसानं सगळं ओलं करतो, म्हणून मी घालत नाही.

अडचण आहे ती ज्वारीची. वाशीम जिल्ह्यात खरीप म्हणजे आता सोयाबीन, आणि ज्वारी कडब्यापुरती, घरापुरती उरली आहे. 2023 हे वर्ष जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं. त्यानंतर शहरांतल्या दुकानांत ज्वारीचा रवा दिसायला लागला. तो चालतो, पण फार एकसारखा असतो. जात्यावरच्या कणीत थोडी मोठी, थोडी बारीक अशी मिसळ असते. बारीक कणी लिंबाचा रस पिऊन मऊ होते आणि मोठी दाताखाली येते. जातं नसेल तर गिरणीवाल्याला दगड वर उचलून भरडून द्यायला सांगावं आणि पीठ घरी चाळावं. निघालेल्या पिठाची त्याच दिवशी भाकरी होते.